मदत हवी आहे: मागच्या डिस्क ब्रेकचे पॅड बदलताना डाव्या कॅलिपरचा पिस्टन आत जात नाही

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१० सालची स्कोडा लॉरा आहे. हँडब्रेक साधा, दांडीचा आणि केबलचा आहे. मी रत्नागिरीत राहतो आणि महिन्यातून दोनदा तरी आंबा घाटाने कोल्हापूरला जातो. गेल्या पंधरा दिवसांपासून घाट उतरताना डाव्या मागच्या चाकातून बारीक करकर ऐकू येत होती आणि ब्रेक दाबला की ती वाढत होती. पुढच्या चाकांचे पॅड मी यापूर्वी दोनदा घरीच बदलले आहेत, त्यामुळे मागचेही आपल्याला जमतील अशा विश्वासाने काल सकाळी अंगणात काम काढले.

गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली, पुढच्या चाकांना ओंडके लावले, हँडब्रेक पूर्ण सोडला आणि जॅकवर उचलून खाली स्टँड दिला. कॅलिपरचे (पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाचे) दोन्ही बोल्ट १३ च्या पान्याने सुटतात, पण बोल्ट फिरवताना मागची पिन सोबत फिरू नये म्हणून तिला १५ च्या पान्याने धरावे लागते, आणि तिथे जागा इतकी अरुंद आहे की नेहमीचा पाना बसतच नाही. शेवटी सायकल दुरुस्तीच्या दुकानातून चाकाच्या कोनसाठी वापरतात तो पातळ पाना मागून आणला, तेव्हा कुठे बोल्ट सुटले.

पॅड बाहेर काढल्यावर दिसले की बाहेरच्या पॅडवर अजून अंदाजे ५ मिलिमीटर मसाला (डिस्कला घासणारा थर) शिल्लक आहे, आतल्या पॅडवर मात्र जेमतेम २ मिलिमीटर असून तोही खालच्या टोकाला तिरका झिजला आहे. त्यानंतर पुढच्या चाकांना करतो त्याप्रमाणे जुना पॅड पिस्टनवर (पॅडला ढकलणाऱ्या नळकांड्यावर) ठेवून सी-क्लॅम्प आवळला. पुढचे पिस्टन असे लोण्यासारखे आत जातात; हा मात्र तसूभरही हलला नाही. क्लॅम्प कुरकुरू लागला तेव्हा मी थांबलो. नीट पाहिले तर या पिस्टनच्या तोंडावर अधिक चिन्हासारख्या खाचा आहेत, ज्या पुढच्या पिस्टनवर नव्हत्या. कॅलिपर सध्या तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला आहे, म्हणजे होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) त्याचा भार येत नाही.

मला जाणून घ्यायचे आहे की क्लॅम्प आवळल्यामुळे पिस्टनला इजा झाली असेल का, तो आत घालण्याची योग्य रीत कोणती, आणि एकाच चाकाचे दोन पॅड इतके कमीजास्त का झिजले असावेत. गॅरेजमध्ये चौकशी केली असता, तपासणीही न करता, दोन्ही कॅलिपर नवे घालावे लागतील असे उत्तर मिळाले. ते मला पटलेले नाही.

पहिला प्रतिसाद

आपण वेळेवर थांबलात हे उत्तम केलेत. ज्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणाही बसवलेली असते, त्याचा पिस्टन सरळ दाबून आत जात नाही. पिस्टनच्या पोटात आटे असलेला दांडा आणि त्यावर नट असतो. पॅड जसजसे झिजतात तसतसा हा नट त्या आट्यांवर फिरत पुढे सरकतो, म्हणजे हँडब्रेकची पकड आपोआप जुळत राहते. त्यामुळे पिस्टन माघारी न्यायचा तर तो दाब देत देत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. आपल्या गाडीत डावी-उजवी दोन्हीकडे हीच दिशा आहे; काही इतर गाड्यांत एका बाजूला ती उलट असते, म्हणून वाचणाऱ्यांनी आपापली खात्री करून घ्यावी. ज्यांच्या गाडीला बटणाचा हँडब्रेक आहे त्यांनी आधी स्कॅनर जोडून मोटर मागे घ्यावी लागते, त्याशिवाय पिस्टनला हातही लावू नये.

फिरवण्यासाठी तयार संच मिळतो आणि तोच घ्यावा असे माझे मत आहे. नाइलाज असेल तर ग्रायंडरची चकती बदलण्याचा दोन टोकांचा पाना त्या खाचांत बसतो का ते पाहा, मात्र दाब हाताने द्यावा लागेल आणि घाम निघेल. फिरवताना पिस्टनभोवतीच्या रबराकडे लक्ष ठेवा. ते पिस्टनसोबत पिळले जाऊ लागले तर थांबून सरळ करा, कारण ते फाटले की पाणी आत शिरून कॅलिपर खरोखरच बदलावा लागेल. पिस्टन आत जाताना टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी चढते, म्हणून टाकी काठोकाठ भरलेली असेल तर सिरिंजने थोडे काढून घ्या आणि रंगावर थेंब पडू देऊ नका.

पिस्टन सुरळीत फिरत आत गेला आणि रबरापाशी ऑइल पाझरताना दिसले नाही, तर क्लॅम्पने बहुधा काही बिघडवलेले नाही.

दुसरा प्रतिसाद

झीज कमीजास्त होण्याबद्दल लिहितो. हा कॅलिपर तरता असतो. पिस्टन फक्त आतल्या पॅडला ढकलतो आणि त्याच्या उलट जोराने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढतो. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, मग सगळे काम आतल्या पॅडवर येते. तिरकी झीज सांगते की दोनपैकी एकच पिन अडकली असावी. कोकणातल्या पावसात आणि खाऱ्या हवेत रबराची टोपी जराशी उघडी राहिली तरी एवढे पुरते.

दोन्ही पिना ओढून पाहा. स्वच्छ करून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावा. साधे ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. कॅलिपरवरचा हँडब्रेकचा लहान दांडा सोडल्यावर आपल्या थांब्यापर्यंत परत येतो का तेही पाहा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, ती व्हर्नियरने ताडून पाहा. पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदमच बदला. कॅलिपरचे बोल्ट नवे घाला आणि ३५ न्यूटन मीटरला आवळा, चाकाचे १२० ला. आणि गाडी स्टँडवरून उतरवल्यावर ती हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिले काही दाब थेट जमिनीला टेकतील, तेव्हा घाबरू नका.

धागाकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. संच कोल्हापूरहून मागवला. पिस्टन तिसऱ्या फेरीपर्यंत जड होता, नंतर शांतपणे फिरत आत गेला आणि रबर कोरडेच राहिले. वरची पिन बोटाने सरकली. खालची मात्र पक्कडीने फिरवत, हातोडीचे हलके टोले देत काढावी लागली. तिच्यावर ग्रीसऐवजी तपकिरी चिखलासारखा थर होता आणि टोपीची कड उलटी दुमडलेली होती. हँडब्रेकचा दांडा थांब्याला नीट टेकत होता. डिस्क मोजली, ती कोरलेल्या आकड्याच्या वर आहे. उजव्या बाजूला दोन्ही पॅड सारखेच झिजलेले निघाले.

काल हातखंब्यापर्यंत जाऊन आलो. उतरल्यावर दोन्ही मागच्या रिमजवळ हाताची पाठ नेऊन पाहिली, ऊब सारखी होती आणि करकर पूर्ण थांबली आहे. एकच गोष्ट राहिली: हँडब्रेक पूर्वी तिसऱ्या खटक्याला धरायचा, आता पाचव्याला धरतो. केबल आवळू का?

पहिला प्रतिसाद

लगेच आवळू नका. पिस्टन नुकताच मागे फिरवलेला आहे, त्यामुळे आतला नट अजून पूर्ण पुढे आलेला नसेल. गाडी उभी असताना पेडल पंचवीस-तीस वेळा जोराने दाबा आणि मग खटके मोजा. आत्ताच केबल आवळलीत तर कॅलिपरवरचा तो लहान दांडा थांब्यापासून उचललेला राहील आणि नवे पॅड डिस्कला घासत राहतील.