पावसाळ्यात मीलवर्मच्या पेटीला बुरशी आणि माइट: आता काय करावे?

प्रश्न (डोंबिवली)
माझ्याकडे झेब्रा फिंच या पिंजऱ्यात पाळायच्या लहान पक्ष्यांच्या दोन जोड्या आहेत. पिल्लांना भरवण्याच्या काळात त्यांना जिवंत अळ्या मिळाव्यात म्हणून फेब्रुवारीत गव्हाच्या कोंड्यावर मीलवर्मची (एका भुंगेऱ्याच्या अळ्यांची) पेटी सुरू केली आणि मे अखेरपर्यंत ती उत्तम चालली. जुलै लागल्यापासून मात्र कोंड्याचे गोळे होत आहेत, पेटीला कुबट वास येतो, आणि काल बॅटरीच्या उजेडात पाहिले तर कडेला साचलेली भुकटी चक्क हलत होती. ओलाव्यासाठी रोज गाजराचे काप ठेवतो. भुंगेरे, कोष आणि अळ्या एकाच पेटीत आहेत. सगळे टाकून द्यावे का?

उत्तर १ (चिपळूण)
हलणारी भुकटी म्हणजे माइट, कोळ्याच्या वर्गातले अगदी सूक्ष्म जीव. ते पक्ष्यांच्या अंगावर राहणाऱ्या जातीचे नसतात. दमट कोंडा आणि बुरशी यांवर जगतात. मीलवर्म ही मुळात साठवणीच्या धान्यातली कीड असल्याने तिला कोरडा कोंडा मानवतो, आणि आपल्याकडच्या पावसात तो कोंडा हवेतलेच पाणी ओढून घेतो, त्यात रोजच्या गाजराची भर. दोन-तीन दिवसांतून एकदा पातळ काप ठेवून उरलेला भाग संध्याकाळी उचलावा आणि झाकणाऐवजी सुती कापड बांधावे.

अळ्या वाचवण्यासाठी कोंड्यावर अंड्याच्या ट्रेचा तुकडा ठेवावा. रात्रीतून बऱ्याच अळ्या त्याला चिकटतात, त्या झटकून नव्या कोंड्यात घ्याव्यात. नव्या कोंड्यातून माइट येऊ नयेत म्हणून तो पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवावा आणि पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर गार कोंड्यावर दव धरते आणि केलेले वाया जाते.

उत्तर २ (पुणे)
वरील सल्ल्यात एक भर घालतो. जुन्या कोंड्यात चिकट अंडी असतात, त्यांना भुसा लागल्याने ती दिसत नाहीत. एरवी तो कोंडा मी कधीच टाकू देणार नाही, पण माइट लागलेली पेटी असल्यामुळे या वेळी तो सोडावाच. खरी चूक सर्व अवस्था एकत्र ठेवण्यात आहे. भुंगेरे स्वतःची अंडी खातात, आणि हलू न शकणारे कोष तर भुंगेरे व अळ्या दोघेही कुरतडतात. कोष वेचून वेगळ्या डबीत ठेवावेत, आणि दर पंधरवड्याला भुंगेरे नव्या ट्रेमध्ये हलवून मागचा ट्रे शांत राहू द्यावा. अंडी एक ते दोन आठवड्यांत फुटतात, तरी डोळ्यांना अळ्या दिसायला महिना लागतो. ‘काहीच नाही’ म्हणून घाईने ट्रे रिकामा करणारे अनेक पाहिले आहेत.

उत्तर ३ (पणजी)
खाद्याविषयी थोडे. मीलवर्ममध्ये चरबी बरीच आणि फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी असते, म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेस (कटलफिशचे कॅल्शियमयुक्त कवच) कायम असू द्यावा. फिंचसाठी लहान किंवा नुकतीच कात टाकलेली पांढरी, मऊ अळी निवडावी. वाढलेल्या अळ्या आठ-दहा अंश सेल्सिअसला ठेवल्यास कोषात जाणे लांबते. सुपरवर्मला (मीलवर्मसारख्याच, पण मोठ्या जातीच्या अळ्यांना) मात्र असे गार ठेवू नये, ते मरतात.

प्रश्नकर्ता (डोंबिवली)
सर्वांचे आभार. ट्रेच्या तुकड्यावर पहिल्याच रात्री दीडशेच्या आसपास अळ्या आल्या. कोंडा फ्रीझरमध्ये आहे. अळ्यांच्या डब्याला फ्रिजमध्ये जागा देण्यास मात्र घरातून स्पष्ट नकार मिळाला आहे.