लंडन दुसऱ्यांदा: कालव्याकाठची एक सकाळ

लंडनला दुसऱ्या खेपेला गेल्यावर पुन्हा तीच संग्रहालये करण्यापेक्षा दोन दिवस बाथ, ऑक्सफर्डला जावे, असे काहीजण सुचवतात; ते मत मला पटत नाही. लंडनमध्येच एक फेरी आहे, तिचा कुणी उल्लेख करत नाही, म्हणून लिहितो. वॉर्विक अव्हेन्यू स्टेशनला उतरून आधी १० हाउली प्लेस गाठा. १९१८-१९ मध्ये लोकमान्य टिळक या घरात राहिले. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावर भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी ते लंडनला आले होते. घर खाजगी आहे, त्यामुळे बाहेरूनच पाहायचे, पण भिंतीवरच्या निळ्या फलकावर टिळकांचे नाव वाचताना माझा गळा दाटून आला होता.

तिथून जवळच लिटल व्हेनिस हा कालव्याकाठचा परिसर. रीजंट्स कालव्याच्या काठाने पूर्वेला चालत राहायचे. लांबोळक्या अरुंद होड्यांत लोक कायमचे राहतात, टपांवर फुलांच्या कुंड्या, सरपणाच्या मोळ्या. मध्ये बोगदा लागतो, तिथे पायवाट नाही, वर रस्त्यावर येऊन पुन्हा खाली उतरावे लागते. प्राणिसंग्रहालय मागे पडले की प्रिमरोझ हिलची टेकडी चढा आणि पलीकडे उतरून १० किंग हेन्रीज रोडला जा. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहून शिकत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घर विकत घेऊन स्मारक केले. वेळा आधी तपासा. चॉक फार्म स्टेशन तिथून जवळ आहे. रमतगमत गेलात तर अख्खी सकाळ लागते, आणि तिकीट फक्त ट्यूबचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे.