‘वायूचे कार्य’ म्हणजे वायूने केलेले की वायूवर केलेले?

अनुवादिनी
डिप्लोमाच्या मुलांसाठी थर्मलच्या नोट्स मराठीत करते आहे. थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या नियमाचं सूत्र दिलंय असं: अंतर्गत ऊर्जेतील वाढ = दिलेली उष्णता − कार्य. त्याखाली मी लिहिलं, ‘येथे वायूचे कार्य धन मानले आहे.’ तपासणाऱ्या सरांनी ते खोडून ‘वायूवरील कार्य ऋण मानले आहे’ असं केलं. माझ्या मते अर्थ तोच आहे, पण एका विद्यार्थ्याला दोन्ही वाक्यं वाचायला दिली, तर माझं त्याने नेमकं उलटं घेतलं. ‘वायूचं काम’ म्हणजे वायू दाबायला लागणारं काम, असं म्हणाला. काय लिहावं? आणि हीटला उष्णता की उष्मा? छपाई जवळ आली आहे.

वाफेचा_माणूस
उष्णताच लिहा. कोराडी, परळी, चंद्रपूर, सगळीकडे नाव ‘औष्णिक विद्युत केंद्र’ आहे. कामगारापासून साहेबापर्यंत सगळे तेच म्हणतात.

चिन्हाचं म्हणाल तर आम्हा इंजिनवाल्यांना शंका नसते. वाफ टर्बाइन फिरवते, ते काम आम्हाला हवं असतं, म्हणून ते धन. कोळसा जाळून दिलेली उष्णता धन, कंडेन्सरमध्ये सोडलेली ऋण. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउझियसने १८५० साली हा नियम मांडला तो निबंधही उष्णतेच्या चालक शक्तीवरच होता. त्या घराण्याचं सूत्र वजावालं.

रसायनी
आणि आमचं अधिकवालं. बारावीच्या भौतिकीच्या पुस्तकात उष्णता वजा कार्य, त्याच वर्षीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात उष्णता अधिक कार्य. बोर्ड एक, मूलही तेच. सकाळच्या क्लासला एक चिन्ह आणि संध्याकाळच्या क्लासला दुसरं, त्यात मुलं अक्षरशः रडकुंडीला येतात. आयुपॅकचा, म्हणजे रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, संकेत साधा आहे: प्रणालीत जे येईल ते धन, मग ती उष्णता असो की कार्य.

दोन्हींत उत्तर एकच येतं, हे मुलांना एकदा आकड्यांनी दाखवावं. १०० अंश सेल्सिअसच्या १ ग्रॅम पाण्याची साध्या वातावरणीय दाबाला वाफ करायला सुमारे २२५६ ज्यूल लागतात. १ घन सेंटिमीटर पाण्याची १६७१ घन सेंटिमीटर वाफ होते. एवढं फुगताना ती भोवतालची हवा बाजूला रेटते, त्यात साधारण १६९ ज्यूल जातात. उरलेले २०८७ अंतर्गत ऊर्जेत. भौतिकीवाला कार्य अधिक १६९ लिहून वजा करेल, मी वजा १६९ लिहून मिळवीन. वाफेला काही फरक पडत नाही.

षष्ठीचा_पक्ष
अनुवादिनीताई, तुमच्या विद्यार्थ्याचं वाचन चूक नाही. दोष ‘चे’ या प्रत्ययाचा आहे. ‘गवंड्याचं काम चाललंय’ म्हटलं की काम करणारा गवंडी. ‘घराचं काम चाललंय’ म्हटलं तर घर काही करत नाही, काम त्याच्यावर होतंय. ‘गाडीचं काम निघालंय’ हेही तसंच. मराठीत सजीवाला षष्ठी लागली की आपण बहुधा त्याला कर्ता धरतो, निर्जीवाला लागली की कर्म. आता वायू निर्जीव, म्हणून मुलाने त्याला घराच्या रांगेत बसवलं. पाणिनीने ‘कर्तृकर्मणोः कृति’ या सूत्रात हेच नोंदवलंय, षष्ठी कर्त्यालाही लागते आणि कर्मालाही.

आणि इथे तर धन-ऋणाचा सगळा प्रश्नच ‘करणारा कोण’ हा आहे. तेव्हा या एका प्रकरणात षष्ठी वापरूच नये. ‘वायूने केलेले’ किंवा ‘वायूवर केलेले’, दोन्ही ठिकाणी क्रियापद उघड लिहा.

शुद्धमती
‘वायूवर केलेले कार्य’ ही मराठी नाही. ‘अमुकवर काम करणे’ हा प्रयोग इंग्रजीतून आला. हल्ली ‘मी माझ्या रागावर काम करतोय’ असं लोक म्हणतात, ते ऐकवत नाही.

येवलेकर
ताई, आमच्याकडे पदरावर काम करतात आणि तो प्रयोग इंग्रजी येण्याआधीचा आहे. ‘काठावर काम बारीक आहे’ असं विणकर आजही म्हणतो.

शुद्धमती
पदरावरचं काम म्हणजे पदरावर दिसणारं काम. तिथे ‘वर’ जागा दाखवतो. वायूवर काम दिसत नाही, वायूला ते मिळतं. मग ‘वायूला दिलेले कार्य’ म्हणा की! ‘वायूला दिलेली उष्णता’ आपण म्हणतोच. दोन्ही एका ओळीत बसतील.

वाफेचा_माणूस
ओळीत बसतील, पण मुलगा म्हणेल वायूला काम नेमून दिलं. ‘त्याला काम दिलं’ याचा मराठीत अर्थ ठरलेला आहे. इथे ‘वर’च बरा.

लेखनिक
मी बँकेत होतो, मला हे चिन्हाचं भांडण वह्यांसारखं वाटतं. तुम्ही पैसे भरलेत की पासबुकात जमा होतात, पण बँकेच्या दृष्टीने तेच पैसे बँकेने तुम्हाला द्यायचं देणं असतं. वही कोणाची ते आधी लिहावं. ‘ही वही वायूची’ एवढं वाक्य प्रकरणाच्या सुरुवातीला आलं तर पुढे गोंधळ नाही.

अनुवादिनी
षष्ठीचं पटलं. आता असं लिहिलंय: ‘वायू दट्ट्याला बाहेर ढकलतो तेव्हा वायूने केलेले कार्य धन. बाहेरून दट्ट्या दाबला तर वायूने केलेले कार्य ऋण.’ सरांनाही चाललं. उष्णता-उष्म्याचं मात्र राहिलंच.

रसायनी
‘दट्ट्या’ पाहून बरं वाटलं. पिस्टनपेक्षा मुलांना तो दिसतो तरी. सायकलच्या पंपाचा दट्ट्या भराभर दाबला की नळी बुडाशी तापते, ते वायूवर केलेल्या कामाचं अगदी हाताशी असलेलं उदाहरण. तिथे कुणी जाळ लावलेला नसतो. तरी मुलं लिहितात, ‘पंपात उष्णता निर्माण झाली.’ वायूची अंतर्गत ऊर्जा कामामुळे वाढली, हे लिहायला पेन उचलत नाही.

याचं कारण मला ‘उष्णता’ शब्दातच दिसतं. आपल्याकडे उष्णता ही अंगात असते. ‘पोरीला उष्णता झालीय, सब्जा द्या’, ‘उष्णतेनं तोंड आलंय’. शास्त्रात उष्णता पदार्थात साठलेली नसते. तापमानातल्या फरकामुळे एकीकडून दुसरीकडे जाते तेवढी ऊर्जा म्हणजे उष्णता. पोचली की ती अंतर्गत ऊर्जेत मिसळली. मग कामातून किती आली आणि उष्णतेतून किती, हे वायूकडे पाहून सांगताच येत नाही. म्हणून मी उष्मा म्हणते, त्या शब्दाला सब्जाची आठवण चिकटलेली नाही.

षष्ठीचा_पक्ष
पण घामोळ्यांची आहे! ‘आज फार उष्मा आहे’ हे वैशाखात रोज ऐकतो. तो हवेत असतो, म्हणजे साठलेलाच. दहावीच्या पुस्तकात प्रकरणाचं नाव ‘उष्णता’ आणि आत ‘अप्रकट उष्मा’, ‘विशिष्ट उष्माधारकता’. दोन्ही शब्द शेजारी नांदतात.

शुद्धमती
शब्द संस्कृत घ्यायचा तर ‘ऊष्मा’ दीर्घ लिहा. श, ष, स यांना ऊष्मे म्हणतात ते त्याच शब्दावरून.

षष्ठीचा_पक्ष
संस्कृतात उष्मन् आणि ऊष्मन् दोन्ही आहेत. ऱ्हस्वाला अशुद्ध म्हणता येणार नाही. आणि मराठी व्याकरणाच्या बऱ्याच पुस्तकांत तुमचे ते वर्णही ‘उष्मे’ असे ऱ्हस्वच छापलेले आहेत.

खरं तर याहून जवळचा शब्द आपल्या अंगावर आहे: घाम. संस्कृत घर्म म्हणजे ऊन, ताप. कर्माचं काम, चर्माचं चाम, तसं घर्माचं घाम. आणि घर्म हा ग्रीक ‘थर्मोस’चा सख्खा भाऊ. म्हणजे थर्मोडायनॅमिक्समधला थर्मो आणि आपला घाम एकाच मुळाचे. पहिल्या नियमातले दोन्ही शब्द, घाम आणि काम, असे एकाच वळणाने मराठीत आलेत.

येवलेकर
मग ‘गरम’?

षष्ठीचा_पक्ष
फारसी ‘गर्म’, तोही त्याच कुळातला. तिन्ही भाषांत एकच धातू फिरून आला.

शुद्धमती
कूळ एक असलं तरी ‘गरम’ फारसीतूनच आला. मी उष्ण लिहीन.

वाफेचा_माणूस
लिहाल, पण ‘चहा उष्ण आहे’ असं घरात म्हणता का? घरच्या बोलण्यात उष्ण हा तापमानाचा शब्द राहिलेलाच नाही. फ्रीजमधली पपई हातात गार लागते, तरी आजी म्हणते, ‘जास्त खाऊ नको, उष्ण असते.’

लेखनिक
आंब्याचंही तसंच. आमच्याकडे खाण्याआधी पाण्यात घालून ठेवतात, उष्णता निघून जावी म्हणून.

रसायनी
पाण्यात जाते ती आंबा आणि पाणी यांच्या तापमानातल्या फरकाने जाते, आणि दोन्ही सारखे झाले की थांबते. आजी म्हणते ती उष्णता फ्रीजमध्येही जात नाही. हे एकाच शब्दाचे दोन वेगळे अर्थ आहेत, म्हणूनच मी म्हणते, नोट्समध्ये उष्मा.

लेखनिक
पण मग आंबे पाण्यात घालतात ते कोणत्या उष्णतेसाठी? आमच्या आईला दोन्ही एकच वाटायच्या, आणि ती माठातलंच पाणी घ्यायची, नळाचं नाही.