ऑडिओ सीडीवरील संगीत संगणकावर उतरवताना : आपले अनुभव

सीडी कपाटात पडून आहेत आणि नव्या संगणकाला सीडी ड्राइव्हच नाही, अशी स्थिती अनेकांची आहे. आपल्या संग्रहातील सीडींवरचे संगीत संगणकावर उतरवताना कोणती पद्धत वापरली, काय अडले आणि काय साधले, हे सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

ऑडिओ सीडीवर नेहमीच्या अर्थाने फायली नसतातच. विंडोजमध्ये सीडी उघडल्यावर ज्या सीडीए फायली दिसतात, त्या प्रत्येकी अवघ्या ४४ बाइटांच्या असतात; गाणे कुठे सुरू होते आणि किती लांबीचे आहे, एवढीच नोंद त्यांत असते. त्या कॉपी करून उपयोग नाही. रिपिंगचे, म्हणजे सीडीवरील ध्वनी वाचून त्याच्या फायली बनवणारे, सॉफ्टवेअरच लागते. मी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ वापरतो. त्याच्या सुरक्षित पद्धतीत प्रत्येक भाग किमान दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वाचने जुळली नाहीत, तर तो भाग पुन्हा पुन्हा वाचला जातो. शेवटी, इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीच्या चेकसमशी (ध्वनीच्या माहितीवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याशी) आपला चेकसम ‘अ‍ॅक्युरेटरिप’द्वारे ताडून पाहता येतो. तो जुळला, की मी ती सीडी निर्धास्तपणे माळ्यावर टाकतो.

*

माझ्याकडील बऱ्याच सीडींवर ओरखडे आहेत, त्यामुळे माझा वेळ वाचनातच जातो. संगणकाच्या फायली साठवणाऱ्या डेटा सीडीच्या २,३५२ बाइटांच्या प्रत्येक सेक्टरमध्ये (छोट्या भागामध्ये) माहितीसाठी साधारणतः २,०४८ बाइट असतात आणि उरलेल्यांपैकी बरेचसे चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. ऑडिओ सीडीत मात्र सगळे बाइट ध्वनीलाच दिलेले असल्याने दुरुस्तीचा हा जादा थर मिळत नाही. म्हणून सीडी पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये, कारण माहितीच्या गोल मार्गाच्या दिशेने उमटलेला ओरखडा सलग बरीच माहिती खातो. छापील बाजू अधिक जपावी; परावर्तक थर तिच्या लगेच खाली असतो आणि तो खरवडला गेल्यास काहीही करता येत नाही. वाचनाचा वेग कमी करून पाहावा आणि तरीही अडल्यास दुसरा ड्राइव्ह लावून पाहावा. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसऱ्याने विनातक्रार वाचल्याचे मी पाहिले आहे.

*

मी थेट फ्लॅक या ध्वनी-फायलींच्या प्रकारातच उतरवते. सीडीवरील ध्वनी सेकंदाला १,४११ किलोबिट या दराने साठवलेला असतो, म्हणजे तासाभराच्या संगीताला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात. फ्लॅकमध्ये काहीही न गमावता ते बहुधा निम्म्याच्या आसपास येते. मोबाइलसाठी एमपी३ हवी असेल, तर ती फ्लॅकवरून केव्हाही करता येते. एमपी३ करताना वगळलेला ध्वनी मात्र परत आणता येत नाही.

*

वाचन आणि फॉरमॅट यांवर एवढे लिहिले गेले आहे, पण माझ्या मते खरी डोकेदुखी नावांची आहे. बहुतेक सीडींवर गाण्यांची नावे नोंदलेलीच नसतात. सॉफ्टवेअर ट्रॅकच्या लांब्यांवरून सीडी ओळखते आणि लोकांनी भरलेली माहिती इंटरनेटवरून आणते, त्यामुळे कधीकधी भलत्याच अल्बमची नावे समोर येतात. अशी माहिती पुरवणारी ‘फ्रीडीबी’ २०२० मध्ये बंद झाल्यापासून मी ‘म्युझिकब्रेन्झ’ वापरतो. मराठी गाण्यांच्या बाबतीत तर एकाच गायिकेचे नाव रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिलेले आढळते आणि प्लेअर तिला तीन निरनिराळ्या गायिका समजतो! मी सर्व नावे देवनागरीत भरतो. फ्लॅकचे टॅग (फाइलीतच नोंदलेली गाण्याची, गायकाची नावे) युनिकोडमध्येच असतात, त्यामुळे देवनागरी चालते; एमपी३चे जुने आयडी३व्ही१ टॅग मात्र टाळावेत, त्यांत नावाला जेमतेम ३० बाइट मिळतात. भावगीतांसाठी ‘कलाकार’ या रकान्यात गायक लिहावा, संगीतकाराला त्याचा वेगळा रकाना द्यावा आणि गीतकाराचाही रकाना भरावा, म्हणजे पुढे एखाद्या कवीची सगळी गाणी एकत्र काढता येतात. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण सीडीसोबतची पुस्तिका हाताशी असतानाच ते उरकलेले बरे.

*

शास्त्रीय संगीताबद्दल एक भर घालतो. विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक केलेले असले, तरी गायन सलग असते. एमपी३ करताना फाइलीच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता जोडली जाते आणि काही प्लेअरांत नेमका समेवर खंड पडतो. फ्लॅकमध्ये असे होत नाही.

*

लिनक्सवर मी ‘सीडीपॅरानोइया’ वापरते. तेही संशयास्पद भाग पुन्हा पुन्हा वाचते. उतरवलेल्या संग्रहाची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली आहे. फ्लॅक फाइलीतच मूळ ध्वनीचा एमडी५ चेकसम नोंदलेला असल्याने दोन्ही प्रती अधूनमधून तपासता येतात आणि एखादी फाइल बिघडलेली आढळल्यास तेवढीच बदलावी लागते.