एसएनएल ५० कळायला आधी काय बघावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, लातूरहून विचारायलोय. 'सॅटरडे नाईट लाईव्ह' (एसएनएल) ह्या अमेरिकन कॉमेडी स्किटच्या टीव्ही शोचा ५० वर्षांचा स्पेशल, १६ फेब्रुवारी २०२५ चा, आत्ता कुठं बघून झाला, तीन तासांच्या वर हाय ते, आन आमच्यात सरळ दोन पार्ट्या पडल्यात. भाऊ म्हणायलाय लै भारी, एवढे जुने लोक एका स्टेजवर परत कुठं बघायला भेटतेत. मित्र म्हणायलेत दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बघितल्यासारखं झालं, कुणी आलं की तिथली पब्लिक टाळ्या वाजवायली आन आपण एकमेकांच्या तोंडाकडं बघायलोत.

मला विचाराल तर निम्मं निम्मं. टॉम हँक्स एकदम गंभीर चेहरा करून आता न चालणाऱ्या जुन्या विनोदांना श्रद्धांजली वाहतो, तिथं तर लोळलो राव, मागचं काही माहीत नसलं तरी चालतंय. 'ब्लॅक जेपर्डी' ह्या क्विझ शोची टिंगल करणाऱ्या स्किटमध्ये एडी मर्फीनं ट्रेसी मॉर्गनची (दोघंबी ह्या शोचे जुने कलाकार) नक्कल केली आन खरा ट्रेसी मॉर्गन तिथंच उभा! पण जुना कलाकार बिल मरे 'वीकेंड अपडेट'च्या, म्हणजे शोमधल्या विनोदी बातम्यांच्या भागाच्या, आजवरच्या अँकरचे नंबर लावायला लागला तिथं आमची विकेट पडली.

तर १९७५ पासूनचं सगळं बघणं काही होणार नाही, मग 'वीकेंड अपडेट' आन 'ब्लॅक जेपर्डी'चे आधी कोणते भाग बघावेत? सबटायटल नीट असलेले सांगा, लै फास्ट बोलतेत ते. आन 'हास्यजत्रा बघा की' म्हणणाऱ्यांनो, ते जेवताना चालूच असतंय ओ. रविवारी मावसभाऊ येणार हाय, त्याला हे दाखवायचंय, तेवढं त्याच्या आधी सांगा.