सोसायटी ग्रुप (फक्त सभासद): बिट्टूने डार्क चॉकलेट खाल्लंय

रविवार, रात्री ९.१२

मेघना (सी-५०३): आत्ता चालू असलेला कुणी प्राण्यांचा डॉक्टर माहीत आहे का? बिट्टूने चॉकलेट खाल्लंय. आमचे नेहमीचे रविवारी बंद असतात.

दामले काका (ए-१०२): काही होत नाही हो. आमचा टॉमी दिवाळीत डबेच्या डबे फस्त करायचा. चौदा वर्षं जगला.

रोहन (बी-२०४): किती वाजता खाल्लं ताई?

मेघना: आठ-सव्वाआठला असेल. पाहुण्यांनी आणलेलं टीपॉयवर होतं, आम्ही जेवायला बसलो होतो. आता एकदम नॉर्मल आहे. शेपूट हलवतोय, आणखी मागतोय.

सावंत काकू (सी-३०१): मिठाचं पाणी पाज गं आधी. ओकून मोकळा होईल.

शिंदे वहिनी (ए-४०२): काकू, मिठाचं पाणी नको!! आमची सई घरीच आहे, परळच्या व्हेटर्नरी कॉलेजला शेवटच्या वर्षाला आहे ना. तिच्याकडे फोन देते.

शिंदे वहिनी (ए-४०२): सई बोलतेय. मेघनाताई, चॉकलेट कुठलं, किती गेलं आणि बिट्टूचं वजन किती? रॅपर कचऱ्यात गेला असेल तर शोधून काढ.

मेघना: डार्क आहे. ५०% कोको लिहिलंय. ८० ग्रॅमची वडी, निम्मी उरलीय. बिट्टू सहा किलो.

शिंदे वहिनी (ए-४०२): सई. कुत्र्याला बाधतं ते थिओब्रोमिन. अशा डार्कमध्ये ग्रॅममागे साधारण ५ मिलिग्रॅम असतं. ४० ग्रॅमचे २००, भागिले सहा, म्हणजे किलोमागे ३३. २० च्या पुढे उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होऊ शकतो. ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० च्या आसपास झटके. हे सगळे ढोबळ आकडे आहेत, एखाद्याला कमीतही त्रास होतो. लगेच निघ. शेपटीवर जाऊ नकोस, लक्षणं दिसायला सहा-बारा तासही लागतात.

रोहन: स्टेशनजवळच्या चोवीस तासवाल्यांशी बोललो, घेऊन या म्हणाले. ताई खाली ये, गाडी काढतो. आणि माझ्यामागे पांढरी गाडी कुणी लावलीय??

सेक्रेटरी: बी विंगच्या पाहुण्यांची आहे. वॉचमनला वर पाठवलंय. व्हिजिटर पार्किंगचा विषय मीटिंगमध्ये घेऊच.

दामले काका: निघाले का?

रोहन: रस्त्यात आहोत.

सावंत काकू: सई बाळा, मिठाचं पाणी का नको? गावाला तर आम्ही तेच पाजायचो.

शिंदे वहिनी (ए-४०२): काकू, उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात चढतं आणि त्यानेच झटके येऊ शकतात. एका विषावर दुसरं विष कशाला? उलटी करवायची ती डॉक्टरांनी, इंजेक्शन देऊन. आणि तीही लवकर, पोटातून पुढे सरकायच्या आत. दूध पाजूनही उतरत नाही.

दामले काका: मग आमचा टॉमी कसा वाचला ते सांग.

शिंदे वहिनी (ए-४०२): टॉमी केवढा होता काका?

दामले काका: अल्सेशियन. ३५ किलोचा गडी. आणि खरं सांगायचं तर डब्यात पेढेच जास्त असायचे, चॉकलेटं थोडी, तीही दुधाची.

शिंदे वहिनी (ए-४०२): मग तेच तर! मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅमला २ च्या आसपास. १०० ग्रॅम खाल्लं तरी टॉमीला किलोमागे सहाच्या आत. तेवढंच बिट्टूने खाल्लं असतं तर आत्ताइतकंच झालं असतं. व्हाइटमध्ये जवळपास नसतंच, पण तेल-साखरेने पोट बिघडतं, स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते.

तांबे काकू (बी-६०१): बाई गं. माझ्याकडे केकच्या ऑर्डरसाठी कोको पावडर किलोकिलोने येते. ती?

शिंदे वहिनी (ए-४०२): ती सगळ्यात वाईट. ग्रॅमला २० किंवा त्याहून जास्त. बिट्टूएवढ्या कुत्र्याला १५ ग्रॅम म्हणजे थेट हृदयावर.

तांबे काकू: खालच्या कप्प्यात असते. आत्ताच माळ्यावर टाकते.

दामले काका: आणि माणसाला कसं काही होत नाही?

शिंदे वहिनी (ए-४०२): आपलं शरीर ते लवकर निकालात काढतं. कुत्र्याच्या अंगातून निम्मं उतरायलाच १७-१८ तास जातात. सई जेवायला बसतेय, बाकी उद्या 🙏

रात्री ११.४०

मेघना: इंजेक्शनने सगळं बाहेर आलं, रॅपरच्या चांदीसकट. मग कोळशाची काळी पेस्ट पाजली. निम्मी त्याने डॉक्टरांच्या ॲप्रनवर उडवली, पांढरा बिट्टू पुढून पार काळा झालाय. ठोके वाढलेत, अंगाला थोडा कंप आहे. सलाईन लावलंय. यावर उतारा म्हणून औषध नसतं म्हणे, त्रास होईल तसे उपचार करायचे. रात्रभर ठेवून घेतायत.

सावंत काकू: देव आहे. काही खाल्लंत का तुम्ही दोघांनी? भाजी-पोळी ठेवते.

सोमवार, सकाळी १०.०५

मेघना: घरी आलो. कंप थांबलाय. दर दोन-तीन तासांनी शूला न्या सांगितलंय, थिओब्रोमिन मूत्राशयात राहिलं तर परत रक्तात शोषलं जातं. सर्व्हिस लिफ्ट बंद आहे आणि मेन लिफ्टमध्ये कुत्रा न्यायचा नाही असा बोर्ड आहे. काय करू? पाच मजले उतरवू का त्याला?

सेक्रेटरी: मेन लिफ्ट वापरा. कुणी अडवलं तर माझं नाव सांगा.

रोहन: मुलं खेळून झालं की गेटवरच्या काळूला पण चॉकलेट देतात. तो तर कुणाच्याच घरचा नाही, रात्री त्रास झाला तर बघणार कोण? मुलांना सांगा रे सगळ्यांनी.

शिंदे वहिनी (ए-४०२): सई कॉलेजला गेलीय. जाताना सांगून गेली, शुगरफ्री च्युइंगमपण देऊ नका. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ती गोडी) असलं तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपकन उतरते. आणि द्राक्षं, मनुका, बेदाणे अजिबात नाही, किडनी जाते.

सावंत काकू: अगं बाई, बेदाणे? परवा माझ्याकडे सत्यनारायण आहे. काळूला दरवर्षी शिऱ्याचा द्रोण असतो.

शिंदे वहिनी: त्याचा शिरा बेदाणे घालायच्या आधी काढून ठेवा काकू. आणि थोडाच द्या, तूप फार असतं तुमच्या शिऱ्यात 😄