मदत हवी आहे: ईमॅक्समध्ये चिनी टंकताच येत नाही

रेघोटी
उबुंटू २२.०४, ईमॅक्स (टेक्स्ट एडिटर) २७.१, एफसीआयटीएक्स ५ (इतर लिपी टंकायची इनपुट मेथड) वर पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांतून चिनी. लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) इंग्रजी-भारत. फायरफॉक्स, लिब्रेऑफिसमध्ये 'निहाओ' टंकलं की पर्यायांची पट्टी येते. ईमॅक्समध्ये कंट्रोल-स्पेस दाबलं की खाली नुसतं 'मार्क सेट' (मजकूर निवडायची सुरुवातीची खूण). जीटीके_आयएम_मॉड्यूल हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (जीटीके खिडक्यांना इनपुट मेथड सांगणारा) लावून झालं, फरक शून्य.

खिळेजुळारी
त्याने फरक पडणारच नाही. हा ईमॅक्स जीटीकेच्या खिडकीत दिसत असला तरी इनपुट मेथडशी जुन्या एक्सआयएम मार्गानेच बोलतो. त्याला लागतं एक्समॉडिफायर्स हे व्हेरिएबल, किंमत '@आयएम=एफसीआयटीएक्स'; शेवटी ५ लावू नका.

ते असूनही चालत नसेल तर दोष लोकेलचा. एलसी_सीटाइप (लोकेलचा अक्षरांपुरता भाग) इंग्रजी असलं की एक्सआयएम सुरूच न होण्याचा जुना बग आहे. आधी सुडो लावून (अ‍ॅडमिनच्या हक्काने) लोकेल-जेन या आज्ञेने 'झेडएच_सीएन.यूटीएफ-८' हे चिनी लोकेल तयार करा, मग टर्मिनलमधून 'एलसी_सीटाइप=झेडएच_सीएन.यूटीएफ-८ ईमॅक्स' असं एका ओळीत चालवा. मेनू इंग्रजीच राहतील. एलसी_ऑल (सगळं लोकेल एकदम ठरवणारं व्हेरिएबल) कुठे लावलेलं असेल तर काढा, नाहीतर ते सीटाइपला गिळतं.

रेघोटी
टर्मिनलमधून चाललं! पण ईमॅक्सक्लायंटने उघडलेल्या खिडकीत अजून तेच. आणि जिथे चालतंय तिथे आता मार्क लागत नाही.

खिळेजुळारी
ईमॅक्सक्लायंट नुसती खिडकी उघडतो, खरा ईमॅक्स मागे चालणारा डेमन असतो; क्लायंटचं लोकेल कोणी विचारत नाही, डेमनचं चालतं. तो लॉग-इनलाच जुन्या लोकेलवर उठलाय. डेमन बंद करून वरच्याच ओळीत 'ईमॅक्स'पुढे दोन डॅश आणि 'डेमन' जोडून उठवा. खात्रीसाठी क्लायंटच्या खिडकीतून एम-एक्स (ऑल्ट-एक्स) गेटएन्व्ही, एंटर, एलसी_सीटाइप.

अर्धविराम
मार्कचं सोपं आहे. कंट्रोल-स्पेस आता ईमॅक्सपर्यंत पोचतच नाही, वाटेत एफसीआयटीएक्स उचलतं. त्याच्या सेटिंगमध्ये ग्लोबल ऑप्शन्स, ट्रिगर इनपुट मेथड, तिथे कळांची दुसरी जोडी द्या. सुपर-स्पेस नको, ती नोमच्या (उबुंटूचा डेस्कटॉप) कीबोर्ड-बदलाशी भांडते. तोवर मार्कसाठी कंट्रोल-@.

दोन-चार अक्षरांपुरतंच काम असेल तर एवढा खटाटोप कशाला? कंट्रोल-एक्स, एंटर, कंट्रोल-बॅकस्लॅश दाबून ईमॅक्सची स्वतःची 'चायनीज-पीवाय' पिनयिन पद्धत निवडा. पुढे चालू-बंद नुसत्या कंट्रोल-बॅकस्लॅशने. लोकेलचा संबंधच नाही. मात्र एकेक अक्षर निवडावं लागतं, परिच्छेद लिहायचा तर बोटं दुखतील. त्यासाठी पीवायआयएम पॅकेज बरं, पण सोबत पीवायआयएम-बेसडिक्ट हा त्याचा शब्दकोशही घाला. शब्दकोशाशिवाय त्यात पर्याय दिसत नाहीत आणि लोक पॅकेजलाच शिव्या घालतात.